नाव, गाव, धंदा : कॅमेरा घेऊन वर्षभराच्या सहली

आपल्या समाजात प्रवास म्हटला की दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी ही दोन नावे आधी ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर आणि ६ डिसेंबरला दादर, या दोन वाटा आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. पण वर्षाचे बाकीचे रविवार आपण कसे घालवतो? आठवडाभर पाळी, ओव्हरटाइम आणि लोकलची गर्दी सोसून आलेला माणूस रविवारी आडवा होतो. घरातील बाईला तर रविवार म्हणजे धुण्याचा आणि दळणाचा आणखी एक वार. सहल ही पैसेवाल्यांची चैन, असे म्हणून आपण मोकळे होतो.

आमचे सांगणे असे, की आपल्या इतिहासातील कितीतरी मोठी स्थळे घरापासून एका दिवसाच्या अंतरावर आहेत. सकाळच्या गाडीने निघून रात्रीच्या जेवणाला परत येता येते. त्यासाठी लागते काय? रेल्वेचे तिकीट, भाकरीचा डबा, पाण्याची बाटली आणि जमल्यास एक कॅमेरा. हल्ली कॅमेराही वेगळा घ्यावा लागत नाही. तो मोबाइलच्या रूपाने बहुतेक घरांत येऊन बसला आहे.

आम्ही व्यवसायाने छायाचित्रकार. राहतो कल्याण पूर्वेला. लग्न, नामकरण, जयंतीची मिरवणूक, शोकसभा अशा समाजाच्या सुखदुःखात कॅमेरा घेऊन उभे राहायचे, हे आमचे पोटापाण्याचे काम. आपल्या लग्नांना मुहूर्त लागत नाही, पण रविवार मात्र लागतो! त्यामुळे उन्हाळ्यातले आमचे बहुतेक रविवार दुसऱ्यांच्या मांडवात जातात. पाऊस सुरू झाला की धंदा बसतो. मग आम्ही, मुलांची आई आणि दोन मुले असे चौघेजण निघतो. कल्याण जंक्शन असल्यामुळे मोठी सोय आहे. एक फाटा कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे आणि तिसरा मुंबईकडे जातो. वर्षाच्या ऋतूंप्रमाणे या सहलींचा क्रम आता ठरूनच गेला आहे. तो वाचकांपुढे मांडतो.

पावसाळा : कान्हेरी

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूसंघाचा वर्षावास. फिरते भिक्खू या तीन महिन्यांत एका जागी राहत आणि लेणी ही त्यांची वर्षावासाची घरे होती. म्हणून आमची पहिली सहल भर पावसात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला. दादरला गाडी बदलून बोरिवली, आणि उद्यानाच्या दारातून आत गेल्यावर बसने लेण्यांपर्यंत. येथील माकडांना डब्याचा वास दुरूनच लागतो. एकदा सुक्या बोंबलाची चटणी त्यांनी आमच्यादेखत पळवली आणि तिखट लागल्यावर डबा फेकून दिला. तेव्हा डबे पिशवीत घट्ट बांधून ठेवावेत.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे २२ फूट उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. सगळे लोक तेथे फोटो काढतात, आम्हीही काढतो. पण पावसाळ्यात खरे पाहायचे ते पाण्याचे काम. डोंगरावर पडलेला पाऊस कोरीव पन्हळांतून येतो आणि लेण्यांलगत खोदलेल्या टाक्यांत साठतो. प्राकृत भाषेत या टाक्याला ‘पोढी’ म्हणत. तो शब्द तेथील शिलालेखांतच आहे.

हे लेख ब्राह्मी लिपीत आहेत. ही लिपी लोक विसरून गेले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती उलगडली आणि मुके दगड बोलू लागले. कान्हेरीच्या लेखांत आमच्या कल्याणचे नाव पुन्हा पुन्हा येते. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने पायवाट करून दिली. राजाने नव्हे, सरदाराने नव्हे, भात्याजवळ बसून ऐरणीवर घण घालणाऱ्या माणसाने ही वाट केली! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा आमचा गाववाला. आमचा मोठा मुलगा वर्कशॉपमध्ये शिकाऊ कामगार आहे. हे ऐकल्यावर तो त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिला.

शिलालेखाचा फोटो काढायचा असेल तर समोरून फ्लॅश मारू नये, अक्षरे सपाट होऊन नाहीशी होतात. प्रकाश बाजूने, तिरका हवा. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर अक्षरांच्या खाचांत सावली बसते आणि लेख उठून दिसतो. ढगाळ दिवशी मुलाच्या हातात विजेरी देऊन ती भिंतीलगत आडवी धरायला सांगावी. अक्षरांत खडू भरू नये, पाणी ओतू नये, बोटे फिरवू नयेत. पावसापासून कॅमेरा वाचवायचा तर प्लॅस्टिकच्या पिशवीला भिंगापुरते भोक पाडून रबर लावावे. भिजलेला काळा कातळ आणि कोवळे हिरवे गवत यांची जोडी फोटोत फार शोभते. मात्र ओढ्याच्या पात्रात उतरून फोटो काढण्याचा मोह टाळावा. डोंगरावर जोराची सर आली की पाणी बघता बघता वाढते.

शरद : नाशिकची त्रिरश्मी लेणी

पाऊस सरला, आकाश धुतल्यासारखे निळे झाले, की नाशिक. कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे घाटातून एस. टी. किंवा शेअर जीप. शहराच्या दक्षिणेला, महामार्गाजवळ ज्या लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात, त्यांचा पांडवांशी काडीचा संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी असे स्पष्ट कोरलेले आहे. नाव पुसले की मालकी पुसली जाते, हे नाशिकइतके स्वच्छ दुसरीकडे कोठे दिसत नाही. वाचकांनी आपल्या मुलांशी बोलताना त्रिरश्मी हेच नाव वापरावे.

येथे २४ लेणी आहेत. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा मोठा लेख आहे. एका स्त्रीने स्वतःच्या नावाने कोरवून घेतलेले हे दान. दहाव्या लेण्यातील लेख कामगारांच्या घरी तर मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघटनेकडे, २००० कार्षापण कायमचे ठेव म्हणून ठेवले. व्याज महिना शेकडा एक. वर्षाचे व्याज झाले २४०. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. हिशेब बरोबर जुळतो की नाही, तो मुलांना तेथेच करायला लावावा. याखेरीज आणखी १००० कार्षापण दुसऱ्या विणकर श्रेणीकडे होते, त्यांचे व्याज शेकडा पाऊण.

याचा अर्थ काय? राजाच्या जावयाला आपला पैसा विणकरांच्या हाती सुरक्षित वाटत होता. माग चालवणारी माणसे एकत्र येऊन ठेवी सांभाळत होती, व्याज चुकते करत होती. गिरणगावात ज्यांच्या आजोबांनी साचे चालवले, त्या घरांना ही गोष्ट अभिमानाची वाटेल. याच लेण्यांत एका छोट्या लेण्याचा दाता मुगुदास नावाचा कोळी आहे. सहकुटुंब दान दिल्याचे त्याने नमूद केले आहे.

या लेण्यांची तोंडे बहुतेक उत्तरेकडे असल्यामुळे आत थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा मऊ उजेड असतो. मोबाइलने फोटो काढणाऱ्यांना असा उजेड उत्तम. हात हलू नये म्हणून खांबाला किंवा भिंतीला पाठ टेकावी आणि श्वास रोखून बटण दाबावे. स्वतःची तिवई नेऊ नये, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिला परवानगी लागते. डोंगराच्या पायथ्याला बुद्धविहार आहे. शेजारीच दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके फोटोग्राफीच करत असत, आणि काही काळ ते पुरातत्त्व खात्यातच छायाचित्रकार व नकाशाकार म्हणून नोकरीला होते.

परतण्यापूर्वी पंचवटीत जाऊन काळाराम मंदिराचा दरवाजा बाहेरून पाहावा. २ मार्च १९३० रोजी येथे सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या पुढाकाराने स्त्री-पुरुषांनी वर्षानुवर्षे तो चालवला. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती याच नाशिक जिल्ह्यात. दरवाजाचा फोटो काढताना आमच्या धाकट्या मुलीने विचारले, “बाबा, इथं बसलेल्या बायांची नावं कुठं लिहिलीत?” आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. मुगुदासाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, आणि आपल्या आज्यांची नावे शंभर वर्षांच्या आत हरवली.

हिवाळा : देहूरोड आणि कार्ले

डिसेंबरात आम्ही घाट चढतो. पुण्याकडे जाणाऱ्या सकाळच्या एक्सप्रेसने लोणावळा आणि तेथून पुणे लोकल. याच मार्गावर देहूरोड आहे. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर परमपूज्य बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. दरवर्षी त्या दिवशी तेथे उपासक-उपासिका जमतात. लष्करी डेपोच्या या गावात पांढऱ्या वस्त्रांतील रांग थंडीच्या कोवळ्या उन्हात उभी असते. अशा वेळी दुरून फक्त गर्दीचा फोटो काढू नये. जवळ जाऊन, “जयभीम” करून, विचारून एकेका कुटुंबाचा फोटो काढावा आणि पत्ता घेऊन नंतर त्यांना पाठवावा.

याच लोकलवर मळवली स्टेशन आहे. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला महामार्ग ओलांडल्यावर कार्ले. कार्ल्याचे जुने नाव वलुरक. तेथील चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे गणले जाते. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची सुमारे ४५ फूट. छताच्या लाकडी कमानी त्या काळच्याच आहेत. दाराशी एकवीरा देवीचे मंदिर आहे, तिची यात्रा असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यातील साधा रविवार त्या मानाने बरा. लेण्याचे तोंड पश्चिमेला आहे. म्हणून घाई करून सकाळी पोहोचण्यात अर्थ नाही. दुपार कलली की मोठ्या कमानीतून ऊन आत शिरते, खांबांच्या रांगेवरून पुढे सरकते आणि उजेड स्तूपापर्यंत पोहोचतो. आम्ही भाजे आधी करतो, झाडाखाली डबा खातो आणि कार्ल्याला दुपारी चढतो.

या चैत्यगृहाचा खर्च कोणा एकाने केलेला नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव ठळक आहे, परंतु खांबाखांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावे आहेत. धेनुकाकट गावाचे व्यापारी आहेत, यवन म्हणवणारे परदेशी आहेत, भिक्खू आहेत, स्त्रियाही आहेत. सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याने द्वाराचे दान दिले. वेणुवासाचा मुलगा सामी हा सुतार. त्याने द्वाराचे काम केल्याचे त्याच्या नावानिशी कोरले आहे. देणाऱ्याचे नाव लिहिण्याची रीत जगात सगळीकडे असते, कारागिराचे नाव लिहिणारे थोडे. जुन्नरच्या लेण्यांतही बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. तीही सहल हिवाळ्यात करण्यासारखी, पण तिला मुक्काम हवा.

कार्ल्याच्या त्या खांबांकडे पाहता पाहता आमच्या मनात आले, की हा तर समाजाचा अल्बमच आहे. त्यात चेहरे नाहीत, पण माणूस ओळखू यावा एवढे सगळे आहे. नाव आहे, गाव आहे, धंदा आहे आणि कोणाचा कोण तेही आहे. आपल्या घरच्या अल्बमांत याच्या नेमके उलट असते. चेहरे आहेत, नावे नाहीत.

वसंत : महाड

मार्चमध्ये महाड. अंतर जास्त, म्हणून शनिवारी रात्रीच निघावे लागते. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर सकाळचे ऊन पडते तेव्हा पाणी चांदीसारखे चमकते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथे ओंजळ भरली आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसांनी. त्याच दिवशी परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले, अनेकांची डोकी फुटली. २५ डिसेंबर १९२७ रोजी याच महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्याच्या हक्काचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

कान्हेरी पाहून आलेल्याला येथे एक गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. ज्या भूमीत एका सोनाराने सर्वांसाठी पाण्याचे टाके खोदून दिले, त्याच भूमीत पुढे माणसाला पाण्याला शिवण्यासाठी रक्त सांडावे लागले. महाडच्या जवळच, महामार्गावरून दिसणारी गांधारपाले लेणी आहेत. तळे आणि लेणी दोन्ही एकाच दिवशी पाहावीत. मधल्या दोन हजार वर्षांत आपण काय गमावले आणि काय परत मिळवले, ते मुलांना न सांगता कळते.

त्या दिवशी पाणी प्यालेल्या हजारोंपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखी काही नावे पुस्तकांत आहेत. बाकीचे कोण होते? कोणी गोदीत कामाला होते, कोणी पलटणीतून निवृत्त झालेले, कोणी गावकीची कामे करणारे. त्यांची नातवंडे आज मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत राहतात. त्यांच्यापैकी काहींच्या ट्रंकेत आजोबांचा एखादा पिवळा पडलेला फोटो असेलही. पण त्यालाही धोके आहेत. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण, बदलापूर, उल्हासनगर, मुंबई येथील तळमजल्यांत पाणी शिरले. जुलै २०२१ मध्ये खुद्द महाड बुडाले. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी धान्य आणि कागदपत्रे वाळत घातली. चिकटून लगदा झालेले अल्बम मात्र उकिरड्यावर गेले. कल्याणला त्या वेळी आमच्याकडे कितीतरी लोक असे गोळे घेऊन आले. “यातला एकच तरी सोडवून द्या, हा बापाचा आहे,” असे म्हणत. फार थोडे सुटले.

उन्हाळा : सोपारा

वैशाखात आमचे रविवार लग्नांत गुंतलेले, म्हणून ही सहल बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत. दिवा-वसई मार्गाची गाडी पकडून पुढे नालासोपारा. पश्चिमेला सोपारा गावात विटांचा जुना स्तूप आहे. लोक त्या जागेला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकलला. आत दगडी करंडा होता. त्यात आठ छोट्या कांस्यमूर्ती होत्या, आणि मध्ये तांब्याच्या, चांदीच्या, दगडाच्या, स्फटिकाच्या व सोन्याच्या डब्या एकीत एक ठेवलेल्या. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत काय निघाले? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे! ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेले. सोन्याने मातीला जपले होते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सापडले.

सोपाऱ्याचा पूर्ण याची कथा बौद्ध वाङ्मयात प्रसिद्ध आहे. व्यापाऱ्याच्या घरात दासीच्या पोटी त्याचा जन्म झाला, म्हणून सावत्र भावांनी त्याला वाटा नाकारला. तो स्वतःच्या कष्टाने मोठा व्यापारी झाला आणि पुढे भिक्खू झाला. रागीट लोकांच्या प्रदेशात धम्म सांगायला जातोस, ते तुला शिव्या देतील, मारतील, मग काय करशील, असे तथागतांनी त्याला विचारले. शिव्या दिल्या तर मारले नाही म्हणून त्यांना चांगले म्हणेन, मारले तर शस्त्र चालवले नाही म्हणून चांगले म्हणेन, अशा अर्थाचे त्याचे उत्तर होते. स्तूपाच्या सावलीत बसून ही गोष्ट मुलांना सांगावी.

उन्हाळ्यात भर दुपारी फोटो काढू नयेत. माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर काढावेत. मोबाइल तापला तर ओला रुमाल गुंडाळू नये, थोडा वेळ पिशवीत सावलीला ठेवावा.

फोटोच्या मागे काय लिहावे

सहलीहून आल्यावर आम्ही निवडक फोटोंच्या प्रिंट काढतो आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांना दाखवतो. त्यातून एक चांगली रीत पडली. आमचे फोटो पाहता पाहता ते आपले जुने फोटो बाहेर काढतात. एका आजींनी पत्र्याच्या डब्यातून एक ग्रुप फोटो काढला. १९५६ साली नागपूरला दीक्षेला निघालेल्या त्यांच्या गावच्या मंडळींचा. वीस-पंचवीस माणसे, पांढरी लुगडी, पांढरे सदरे. मागे एक अक्षर नाही. आम्ही विचारले, “आजी, यात ओळखीचं कोण?” त्यांनी चष्मा पुसला. दुसऱ्या रांगेतील, तोंडावर पदर धरलेल्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही माजी आय. दात पडल्याले म्हनून पदर धरलाय तिनं.” मग एकेक करत चौदा नावे त्यांनी सांगितली. शेवटी थांबल्या आणि म्हणाल्या, “बाकीच्यांची नावं आमच्या थोरल्या दाजींना म्हाईत व्हती. त्ये गेले गेल्या सालच्या थंडीत.” चौदा नावे मिळाली, बाकीची एका माणसाबरोबर गेली. मुलांच्या आईने तेथेच बसून शिसपेन्सिलीने ती चौदा नावे फोटोच्या मागे लिहिली. “अमक्याची बायको” असे न लिहिता प्रत्येक बाईचे स्वतःचे नाव विचारून लिहिले.

वाचकहो, हे काम पैशाचे नाही, पण ते आजच व्हायला हवे. म्हणून थोड्या सूचना करतो.

घरातील जुने फोटो घेऊन या रविवारी आजी-आजोबांपाशी बसा. प्रत्येक माणसाचे नाव, गाव, धंदा, आणि फोटो कोणत्या प्रसंगाचा व कोणत्या सालचा, हे विचारा. साल आठवत नसेल तर “गिरणी संपाच्या वेळी”, “थोरल्याच्या जन्माच्या आधी” असे लिहिले तरी चालते.

मागे लिहिताना मऊ शिसपेन्सिल वापरा आणि कडेला हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, शाई पाण्यात पसरते.

चिकट पानांच्या अल्बममध्ये जुने फोटो ठेवू नका, दमट हवेत ते कायमचे चिकटतात. कागदी पाकिटात घालून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच फळीवर ठेवा. पावसाळा संपला की एकदा सावलीत हवा द्या.

प्रत्येक जुन्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढा. खिडकीजवळ उजेडात, वरून सरळ, फ्लॅश बंद करून. पुढची बाजू आणि मागची नावे, दोन्हींचे काढा. मग तो दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा. एका घरात पाणी शिरले तरी दुसऱ्या घरात तो राहील.

आणि उलट, मोबाइलमधील हजार फोटोंपैकी वर्षाचे दहा तरी निवडून कागदावर छापून घ्या. मोबाइल बिघडला, चोरीला गेला, तर सगळे एकदम जाते. कागद सहसा एकदम जात नाही.

सहलीला जाल तेथे स्थळाच्या फोटोत घरची माणसे उभी करा, म्हणजे पन्नास वर्षांनी नातवंडांना कळेल की आपले लोक येथे आले होते. आणि विहाराच्या कार्यक्रमाला, जयंतीच्या मिरवणुकीला फोटो काढाल तेव्हा व्यासपीठाबरोबर खुर्च्या मांडणारा, खीर ढवळणारी, निळा झेंडा शिवणारा यांचेही काढा.

कल्याणच्या लोहाराने दगडात आपले नाव कोरून घेतले, म्हणून तो आज आपल्याला भेटतो. आपल्याला छिन्नी-हातोडाही नको. चार आण्याची पेन्सिल पुरे. तेवढ्यासाठी आपल्या आई-बापांची नावे हरवू देऊ नका.

जयभीम!